उबदार फरशी, कोंडलेली हवा

घरात अनवाणी वावरायचं, मुलांसोबत जमिनीवर मांडी घालून बसायचं, ही सवय घेऊन म्युनिक किंवा श्टुटगार्टला गेलेल्या मराठी माणसाला फरशीखालची ऊब आवडली नाही तरच नवल. बाहेर बर्फ आणि पायाखाली कोमट टाइल. तिथे नवं घर बांधताना ही ऊब यादीत वर असते. खर्च वाढू लागला की यादीतून आधी खोडली जाते ती हवा खेळती ठेवणारी यंत्रणा. ही काटकसर महागात पडते.

नवं जर्मन घर कायद्यानेच हवाबंद बांधावं लागतं. तीन काचांच्या खिडक्या, जाड इन्सुलेशन, बुजवलेल्या फटी. जुन्या घरात याच फटींतून नकळत हवा बदलायची; ती वाट आता बंद झाली. चार माणसांच्या घरात श्वास, आंघोळ, स्वयंपाक आणि वाळत घातलेले कपडे यांतून दिवसाकाठी सुमारे 10 लिटर पाणी वाफ होऊन हवेत मिसळतं. शिवाय काँक्रीट, प्लास्टर आणि कोब्यात मुरलेलं पाणी पहिले एक-दोन हिवाळे बाहेर पडतच असतं. ते जायचं कुठून?

आणि प्रश्न फक्त ओलाव्याचा नाही. म्युनिकमध्ये काम करणाऱ्या माक्स फॉन पेटेनकोफर या आरोग्यशास्त्रज्ञाने 1858 साली घरातल्या हवेसाठी एक मोजमाप दिलं: हजार भागांत कार्बन डायऑक्साइड एका भागापेक्षा जास्त नको. आजही हाच आकडा प्रमाण म्हणून वापरला जातो आणि दार-खिडक्या लावून दोघं झोपलेली बेडरूम तो पहाटेपूर्वीच ओलांडते. विटांच्या भिंतींतून भरपूर हवा आत-बाहेर होते, ही पेटेनकोफर यांची दुसरी समजूत मात्र टिकली नाही. तरी ‘भिंती श्वास घेतात’ हे वाक्य बांधकामाच्या जागी अजून ऐकू येतं.

दिवसातून तीन-चारदा सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडायच्या, हा जर्मन रिवाज चांगलाच आहे. पण नवरा-बायको दोघंही नोकरीवर, मुलं शाळेत आणि रात्री उणे पाच अंश असताना हे करणार कोण?

फरशीची ऊब आणि हवेची ये-जा हे दोन वेगळे विषय नाहीत. बाहेर जाणाऱ्या हवेतली उष्णता आत येणाऱ्या हवेला देणारं यंत्र बसवलं, तर खोलीला लागणारी उष्णता बरीच कमी होते, आणि फरशीखालचे पाइप किती अंतरावर टाकायचे हे त्या गरजेवरच ठरतं. पाइप दहा-दहा सेंटिमीटरवर टाकले तर 35 अंशांच्या किंवा त्याहूनही थंड पाण्यावर घर उबदार राहतं. पाणी जितकं कमी तापवावं लागेल, तितकी हीट पंपाला वीज कमी लागते. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग फाइस्ट यांच्या पुढाकाराने 1991 मध्ये डार्मश्टाटच्या क्रानिखश्टाइन भागात उभी राहिलेली चार घरांची ओळ उष्णता वाया न घालवण्याच्या याच विचारातून आली. वर्षाला दर चौरस मीटरमागे 15 युनिटांपेक्षा जास्त उष्णता लागू नये, ही पॅसिव्ह हाउसची, म्हणजे अत्यल्प उष्णतेवर भागणाऱ्या घराची अट त्या कामातून पुढे रुजली.

फरशीकडून अवास्तव अपेक्षाही नकोत. युरोपीय मानकानुसार राहत्या भागात तिचा पृष्ठभाग 29 अंशांच्या वर जाऊ नये. चांगल्या इन्सुलेशनच्या घरात तो 23 ते 25 अंशांवरच राहतो, म्हणजे पायाला गरम असा लागतच नाही. फरशी तापायला आणि निवायला काही तास घेते. त्यावर जाड गालिचा अंथरला तर ऊब तिथेच अडते.

खरी अडचण वेळेची असते. हवेचे डक्ट बऱ्याचदा स्लॅब ओतण्याआधीच सळयांमध्ये टाकावे लागतात. फरशीखालच्या पाइपांची पाळी त्यानंतर काही महिन्यांनी येते. म्हणून बेडरूममध्ये ताजी हवा कुठून येणार आणि स्वयंपाकघर, बाथरूम, संडासातली हवा कुठून ओढली जाणार, हे आर्किटेक्टच्या पहिल्या नकाशावरच हवं. माणशी तासाला 30 घनमीटर ताजी हवा, हा ढोबळ हिशेब. दाराखाली फट सोडली नाही तर हवा खोलीतच अडते, आणि ही फट सुतारच विसरतो. फोडणीचा धूर या यंत्रणेवर सोपवू नये. त्यासाठी चुलीवर वेगळा हूड हवाच, नाहीतर फिल्टर तेलाने चिकट होतात.

पाइपांवर सिमेंटचा कोबा पडला की घाई नको. 21 दिवस थांबायचं, मग तीन दिवस 25 अंशांचं पाणी फिरवायचं आणि पुढचे चार दिवस ठरलेल्या कमाल तापमानाचं. या काळात वाफ खिडक्यांतून जाऊ द्यावी. हवेचं यंत्र तेव्हा बंदच ठेवावं, कारण बांधकामाची धूळ डक्टमध्ये बसली की काढणं कठीण.

आणि कोबा ओतायच्या आदल्या दिवशी प्रत्येक खोलीत मोजपट्टी ठेवून पाइपांचे फोटो काढावेत. दहा वर्षांनी दाराचा स्टॉपर बसवायला कुणी ड्रिल घेऊन आलं, तर पाइप कुठून गेला आहे ते या फोटोंतच दिसेल.