ओवाळणी, बोजारा आणि प्रायोजक

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या हाती एक यादी आली. भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातील, ज्यांच्या घरी त्या वर्षात मृत्यू झाला होता अशा मुलांची. एकेका मुलाच्या दिवाळीभेटीचे प्रायोजकत्व एकेका कुटुंबाने वा मित्रमंडळाने घ्यावे, अशी योजना होती. आम्ही चारपाच शिक्षकांनी मिळून एक नाव घेतले. मुलगा नऊ वर्षांचा, वडील पावसाळ्यात गेलेले. यादीतले रकाने असे होते : नाव, वय, इयत्ता, मृत्यूचे कारण, भेटवस्तू. शेवटच्या रकान्यात कुणा मोठ्या माणसाच्या अक्षरात ‘शालेय साहित्य’ असे लिहिलेले होते. आम्ही दप्तर, वह्या, कंपासपेटी आणि एक सदरा पाठवला. पंधरा दिवसांनी छायाचित्र आले. मुलगा दप्तर छातीशी धरून उभा, मागे कापडी फलक. ते पाहून आम्हांला समाधान वाटायला हवे होते. ते वाटले नाही, आणि का वाटले नाही हे स्वतःला विचारणे आम्हांला भाग पडले.

ज्या घरात माणूस गेले, तिथे वर्षभर सण करीत नाहीत. दिवाळीला कढई चढत नाही, दारावर आकाशकंदील लागत नाही. पण याच रूढीची दुसरी बाजूही आहे. त्या घरी शेजारी आणि सोयरे फराळाचे डबे पोचवतात. म्हणजे दुःखाचा मान राखायचा, पण घरातल्या पोराला करंजीविना ठेवायचे नाही, अशी दुहेरी व्यवस्था समाजाने करून ठेवली होती. शोक मोठ्यांनी पाळायचा; मुलाच्या वाट्याचा सण शेजाऱ्याने सांभाळायचा. त्या डब्यावर कुणाचे नाव नसे, आणि डबा रिकामा परत करायचा नाही हा संकेत दोन्ही घरांना ठाऊक असे.

मोहाडीच्या बाजूला दिवाळी येते ती धानाच्या कापणीच्या दिवसांत. घरात पैसा खेळेल की नाही, हे बांधीतल्या पिकावर ठरते. आणि झाडीपट्टीत दिवाळी लक्ष्मीपूजनाने संपत नाही. गायगोधन होते, आणि मग गावोगावच्या मंडया सुरू होतात. आज या गावची, उद्या त्या गावची. पाहुणे येतात, दुकाने लागतात, रात्री दंडार किंवा नाटक होते. मुलांच्या लेखी दिवाळी म्हणजे बव्हंशी मंडईच.

हे सारे आम्हांला त्या मुलाच्या शाळेतल्या गुरुजींनी फोनवर सांगितले. आम्ही विचारले होते, भेट आवडली का? ते जरा थांबून म्हणाले, “आवडली जी. दप्तर कामाचंच आहे. पण त्याला विचारलं असतं तर त्यानं मंडईचे पैसे मागितले असते. बहिणीला पाळण्यात बसवायचं होतं त्याला.”

त्या एका वाक्याने आमच्या यादीतला दोष आम्हांला कळला. त्या मुलाला काही घ्यायचे नव्हते, द्यायचे होते. वडील असते तर पाळण्याचे पैसे त्यांनी दिले असते. ती रिकामी झालेली जागा, आपल्या नऊ वर्षांच्या बुद्धीने, तो भरू पाहत होता. आणि आम्ही त्याला हात पसरलेल्या माणसाच्या जागी उभे करून त्याचे छायाचित्र काढवले.

आपण साहित्याचे विद्यार्थी, तेव्हा शब्दांकडे पाहू. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुले आपले लाकडी नंदी सजवून घरोघर नेतात आणि प्रत्येक घर त्यांच्या हातावर पैसे वा खाऊ ठेवते. त्याला बोजारा म्हणतात. बोजारा गरिबाला मिळतो असे नाही. ज्याच्याजवळ नंदी आहे त्या प्रत्येकाला मिळतो. पोर आपला बैल घेऊन आले आहे, तेव्हा देणे हे घराचे कर्तव्य. ओवाळणीचेही तसेच. बहीण ओवाळते, भाऊ तबकात काही ठेवतो. दोन्हींकडून काही दिले जाते, म्हणून कुणीच लहान होत नाही. ‘प्रायोजक’ या शब्दात मात्र एकच बाजू आहे. तो जाहिरातीच्या दुनियेतून आला आहे आणि येताना फलक बरोबर घेऊन आला आहे.

शब्द बदलला की व्यवहार बदलतो, याचा एक मोठा दाखला आपल्याकडे आहे. अण्णासाहेब कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. १९०० साली आश्रम हिंगण्याला गेला. विधवा आणि निराधार मुलींच्या या संस्थेसाठी दिवाळीच्या सुमारास घरोघर जाऊन जो निधी गोळा केला जाई, त्याचे नाव होते ‘भाऊबीज’. मृत्यूने ज्यांच्या आयुष्याची दिशा बदलली होती, अशांसाठीच हे पैसे होते. पण मागणारा दानशूर शोधत नव्हता, भाऊ शोधत होता. आता कुणी म्हणेल की नाव कितीही गोड ठेवले तरी पैसे ते पैसेच. शासनही अंगणवाडी सेविकांना ‘भाऊबीज भेट’ देते, तेवढ्याने मानधनाचा प्रश्न सुटतो का? सुटत नाही. नाते हक्काच्या जागी बसवले तर ती फसवणूक होते, हे आम्हांला मान्य आहे.

म्हणूनच हक्क आणि भेट वेगळे ठेवले पाहिजेत. पालक गमावलेल्या मुलासाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. २०२३ मध्ये तिची रक्कम दरमहा २,२५० रुपये झाली. दप्तर, वह्या, सदरा यांची सोय त्यातून व्हावी. ज्या घरात कर्ते माणूस गेले, तिथे कागदपत्रे जुळवून तो अर्ज भरून देणे हे आमच्यासारख्या लिहितावाचता येणाऱ्यांचे पहिले काम होते. ते अवघड होते, म्हणून आम्ही दप्तर पाठवून मोकळे झालो. भेट ही त्यानंतरची गोष्ट, आणि ती निरुपयोगी असली तरी चालेल, किंबहुना थोडी निरुपयोगीच असावी. दुःखी घरातल्या मुलाने फक्त कामाच्या वस्तू मागाव्यात, ही अपेक्षा आपण आपल्या मुलांकडून कधी करीत नाही.

‘श्यामची आई’मधील ‘आनंदाची दिवाळी’ आठवावी. आईला मिळालेले भाऊबीजेचे पैसे वडिलांच्या धोतरासाठी खर्च होतात. आपण ते प्रकरण त्यागाचे म्हणून शिकवतो. आम्हांला आता ते वेगळे वाटते. ज्याला देता येते त्याची मान ताठ राहते, आणि खरी ओवाळणी घेणाऱ्याला देण्याजोगे करून जाते.

हिशेब नको असे आमचे म्हणणे नाही. देणाऱ्याला विश्वास हवा, हे खरे. पण पावती संस्थेने द्यावी, मुलाच्या चेहऱ्याने नव्हे. यादी करावीच लागली तर ‘मृत्यूचे कारण’ हा रकाना काढावा आणि भेटवस्तूचा रकाना मुलाच्या हाती द्यावा. वस्तू पोचवावी ती शेजारच्या घरातून, आत्याकडून, गुरुजींकडून, ज्यांच्याकडून घेण्याची त्याला सवय आहे अशांच्या हातून.

यंदा आम्ही पैसे गुरुजींकडे पाठवणार आहोत, मंडईच्या आधी. पाळण्याचे दोन फेरे आणि उरलेल्यात काय, ते तो ठरवील. छायाचित्र पाठवू नका, असे आम्ही त्यांना कळवले आहे.