आयकिदोचे जपानी शब्द : पाठ करावे कीं समजून घ्यावे ?

आयकिदो ही आत्मरक्षणाची विद्या जपानांतील मोरिहेइ उएशिबा (१८८३–१९६९) यांनीं जुन्या युद्धकलांतून घडविली. आज ती जगांतील पुष्कळ देशांत शिकविली जाते, आणि बहुतेक सर्वत्र तिच्या डावांचीं नांवें मूळ जपानींतच उच्चारिलीं जातात. तेव्हां असा प्रश्न सहजच उत्पन्न होतो कीं, आमच्या मुलांनीं हे परके शब्द कां म्हणून पाठ करावे ? त्यांचें मराठी भाषांतर कां करूं नये ?

आमचें मत असें आहे कीं, नांवें आहेत तशींच ठेवावीं. परंतु अर्थ समजल्यावांचून एकहि नांव पाठ करूं नये.

शब्द परका म्हणून त्यास भिण्याचें कारण नाहीं. आपल्या आखाड्यांतील 'कुस्ती', 'पैलवान' व 'वस्ताद' हे शब्द फारसींतून आले. 'तालीम' हा तर मूळचा अरबी. आज त्यांस परके कोण म्हणेल ? आयकिदो शिकण्याच्या जागेस 'दोजो' म्हणतात. ह्या शब्दाचें मूळ आपल्याच देशांत सांपडतें. बुद्धास जेथें बोध झाला त्या स्थानाचें संस्कृत नांव 'बोधिमंड'. त्याचा चिनी पर्याय जपानांत जाऊन 'दोजो' झाला. शिवाय नांवें समान असल्यानें पुण्याचा विद्यार्थी पॅरिसला गेला तरी शिक्षकांची आज्ञा त्यास कळूं शकते.

तथापि नांव म्हणजे विद्या नव्हे. ज्या डावास पुष्कळ ठिकाणीं 'इक्क्यो' म्हणतात, त्यासच योशिन्कान शाखेंत 'इक्काजो' म्हणतात. नांव बदललें म्हणून डाव बदलत नाहीं. उलट अर्थ कळला तर नांवच वाट दाखवितें. 'तेन्ची' म्हणजे आकाश व पृथ्वी, आणि 'नागे' म्हणजे फेंक. 'तेन्ची-नागे' ह्या डावांत एक हात वर व दुसरा खालीं कां जातो, हें मग निराळें सांगावें लागत नाहीं.

'उकेमी' ह्या शब्दाचें महत्त्व तर फारच मोठें आहे. पडतांना आघात आपल्या शरीरानें नीट झेलणें, हा त्याचा भावार्थ. ज्यानें तो शब्द नुसता घोकला त्याचें मनगट मोडावयाचें. ज्यानें तो अंगीं बाणविला तो लोळण घेऊन सुखरूप उठावयाचा. त्याचप्रमाणें, ज्याच्यावर डाव केला जातो त्यास 'उके', म्हणजे घेणारा, असें म्हणतात. पाहणारास वाटतें कीं तो हरला. वस्तुतः सोबत्यास शिकतां यावें म्हणून तो आपलें शरीर विश्वासानें त्याच्या हातीं देतो, आणि थोड्या वेळानें दोघे जागा बदलतात. हा अर्थ ज्यास उमगला तो सोबत्याचा हात पिरगळून फुशारकी मारणार नाहीं. सरावाच्या आरंभीं 'ओनेगाइ शिमासु' असें म्हणून एकमेकांस नम्रपणें विनंति करण्याची रीत आहे. तीहि मग केवळ तोंडची राहणार नाहीं.

अर्थावांचून पाठांतर ही पोपटपंची होय, मग तें पाठांतर वर्गांतील असो वा दोजोंतील. म्हणून पालकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, मुलानें किती शब्द पाठ केले हें त्यास विचारूं नये. आज शिकलेल्या एका शब्दाचा अर्थ त्याच्याकडून समजावून घ्यावा.