साडेसात महिन्यांचा कायदा चौदा वर्षे कसा जगला?

१/ राज्यपालांच्या सहीने निघालेला अध्यादेश राज्यघटनेच्या हिशेबाने फार तर साडेसात महिने टिकू शकतो. बिहारमध्ये उसाच्या पुरवठा-खरेदीविषयीचा एक अध्यादेश जवळजवळ चौदा वर्षे टिकला. हे कसे घडले आणि त्याची किंमत कोणी मोजली, त्याविषयी हा थ्रेड.

२/ आधी नियम. अनुच्छेद २१३ नुसार विधिमंडळाचे अधिवेशन चालू नसताना, तातडीची निकड असेल तरच, मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने अध्यादेश काढता येतो. सभागृह पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत त्याचा कायदा झाला नाही तर तो आपोआप संपतो. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून अधिक अंतर चालत नाही. म्हणून साडेसात महिने.

३/ हा अधिकार वसाहतकाळाचा वारसा आहे. १८६१ च्या कायद्याने तो व्हाइसरॉयला दिला, पण मुदत सहा महिन्यांची घातली. आपल्या घटना समितीतही हृदयनाथ कुंझरू यांच्यासारख्यांनी त्याला अधिक घट्ट लगाम हवा, असा आग्रह धरला होता. ती भीती अनाठायी नव्हती.

४/ बिहारची युक्ती साधी होती. अधिवेशन भरायचे, ते लवकर गुंडाळायचे आणि मुदत सरण्याआधी तोच मजकूर नव्या तारखेने पुन्हा काढायचा. एकेका दिवशी पन्नासेक अध्यादेश निघत. १९६७ ते १९८१ या काळातील २५६ अध्यादेश अशा रीतीने एक ते चौदा वर्षे जिवंत ठेवले गेले.

५/ हे उजेडात आणले पुण्याच्या गोखले संस्थेतील अर्थशास्त्राचे प्राध्यापक डॉ. डी. सी. वाधवा यांनी. बिहारमधील जमीनधारणेचा अभ्यास करताना त्यांना हा प्रकार आढळला. त्यांनी राजपत्रे चाळली, तारखा जुळवल्या आणि १९८३ मध्ये पुस्तक लिहिले. मग ते सर्वोच्च न्यायालयात गेले.

६/ सरकारचा आक्षेप होता की या गृहस्थांना तक्रारीचा अधिकारच नाही. सरन्यायाधीश भगवती यांच्या पाच सदस्यीय घटनापीठाने तो डिसेंबर १९८६ मध्ये फेटाळला. घटनेनुसार केलेल्या कायद्यानेच आपला कारभार चालावा, हा आग्रह धरण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे, असे न्यायालय म्हणाले. ही प्रथा म्हणजे घटनेशी केलेली लबाडी ठरली. वाधवा यांना खर्चापोटी दहा हजार रुपये देववले.

७/ यावर ठरलेला युक्तिवाद येतो: "पण अध्यादेश तर लोकहिताचे होते!" असतीलही. मग ते सभागृहात मांडण्याची भीती कशाची? विधेयक मांडले की प्रश्न येतात, दुरुस्त्या सुचतात, कोणी काय मत दिले याची नोंद राहते. जे सरकार हे टाळते ते स्वतःच कायदा लिहिते, स्वतःच मंजूर करते आणि स्वतःच राबवते. मग सत्ताविभाजन उरते फक्त पाठ्यपुस्तकात.

८/ दोष एकट्या मंत्रिमंडळाचा नाही. चौदा वर्षे आपले काम दुसरे कोणी करत असताना जे आमदार गप्प बसले, तेही तितकेच दोषी. रिकाम्या खुर्चीवर कोणीतरी बसतेच.

९/ न्यायालयानेही एक फट ठेवली: सभागृहापुढे कामाचा ताण असेल किंवा वेळ अपुरा असेल, तर पुन्हा अध्यादेश काढणे क्षम्य ठरू शकते. वेळ किती द्यायचा हे सरकारच ठरवते, तेव्हा ही सबब सरकारच्या खिशातच असते!

१०/ परिणाम? निकालाच्या तीनच वर्षांनी, १९८९ मध्ये, त्याच बिहारने ४२९ खासगी संस्कृत शाळा अध्यादेशाने ताब्यात घेतल्या. १९९२ पर्यंत एकामागून एक अध्यादेश निघाले, कायदा झालाच नाही. अखेरचा अध्यादेश संपला आणि सरकारी नोकरीच्या आशेवरचे शिक्षक कोर्टाची पायरी चढले.

११/ जानेवारी २०१७ मध्ये सात सदस्यीय घटनापीठाने बहुमताने निकाल दिला: हे अध्यादेश घटनाबाह्य, त्यातून शिक्षकांना कोणताही हक्क मिळत नाही. दिलेला पगार परत घेऊ नये, एवढाच दिलासा. लबाडी सरकारची, सत्तावीस वर्षांनी शिक्षा मात्र शिक्षकांना.

१२/ हा रोग एका राज्याचा वा एका पक्षाचा नाही. बिहारमध्ये त्या काळात सरकारे अनेकदा बदलली, प्रथा बदलली नाही. २०१५ मध्ये केंद्राचे भूसंपादन विधेयक राज्यसभेत अडले, तेव्हा त्या सभागृहाचे सत्र संपवून अध्यादेश पुन्हा काढण्यात आला. तो एकूण तीनदा निघाला आणि ऑगस्टअखेर संपला.

१३/ म्हणून आपल्या आवडत्या सरकारने काढलेला अध्यादेश दिसला तर टाळी वाजवण्याआधी दोन तारखा पाहा: तो निघाला कधी आणि सभागृहापुढे आला कधी. दुसरी तारीख सापडत नसेल, तर तुमच्या आमदाराला विचारा. वाधवा यांनी राजपत्रातल्या तारखाच तर जुळवल्या होत्या.