पडलेली तार आणि शून्य ओहमची जमीन

शेतात ११,००० व्होल्टची तार तुटून पडली, की "लाईट गेलीच असेल" म्हणत लोक जवळ जातात. घरात शॉर्ट झालं की फ्यूज उडतो, मग एवढी मोठी लाइन आपोआप बंद होणारच, हा त्यांचा हिशेब. तो का चुकतो, हे माझ्या इंजिनियर भाच्याने मला लॅपटॉपवर दाखवलं. मी पडलो मराठीचा मास्तर. तेव्हा जाणकार मंडळींनी सांभाळून घ्यावं.

सबस्टेशनमध्ये तिन्ही तारांतल्या प्रवाहांची बेरीज पाहणारा रिले असतो. सगळं ठीक असेल तर बेरीज जवळजवळ शून्य. तार जमिनीला टेकली की काही प्रवाह जमिनीतून परततो आणि बेरीज बिघडते. ती ठरलेल्या आकड्यापुढे गेली, की ब्रेकर पडतो. हा आकडा समजा ४० अँपिअर. तो फारच खाली आणला, तर मोजमापातल्या बारीक फरकांनीसुद्धा फीडर ऊठसूट बंद पडेल.

भाच्याच्या प्रोग्राममध्ये फॉल्टच्या रोधाचा एक रकाना आहे. तिथे शून्य घातलं, ब्रेकर लगेच पडला. मग त्याने ५०० ओहम घातले. "मामा, आता बघा." एका तारेचा जमिनीशी दाब साधारण ६,३५० व्होल्ट, म्हणून प्रवाह जेमतेम १३ अँपिअर. रिले ढिम्म!

हा नुसता कागदी खेळ नाही. अमेरिकेत साडेबारा हजार व्होल्टच्या तारा मुद्दाम जमिनीवर टाकून पाहिल्या आहेत. ओल्या गवतावर सुमारे ५० अँपिअर, सुक्या गवतावर २५, ओल्या वाळूत १५. कोरड्या वाळूवर आणि डांबरावर जवळपास शून्य. म्हणजे तार जिवंत, आणि सबस्टेशनला पत्ताच नाही.

माझं म्हणणं त्या रकान्याबद्दल आहे. शून्य घालून काढलेला अहवाल दिसायला छान दिसतो, पण शून्य ओहमची जमीन आहे कुठे? मे महिन्यातला आपल्याकडचा मुरूम, भेगा पडलेलं रान, कोरडा बांध, हे त्या रकान्यात आलं पाहिजे. यंत्रणा कुठे आंधळी आहे हे आधीच कळावं, यासाठीच तर हा खटाटोप.

आणि यावर काही करताच येत नाही असंही नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात ७ फेब्रुवारी २००९ च्या वणव्यांत १७३ माणसं गेली. त्यातली सर्वांत घातक, किलमोर ईस्टची आग तुटलेल्या विजेच्या तारेपासून लागली होती. पुढे २०१६ साली तिथे नियमच झाला. ठरवून दिलेल्या ४५ सबस्टेशनांच्या २२,००० व्होल्टच्या लाइनींवर २५,४०० ओहमचा फॉल्टसुद्धा पकडायचा, आणि २ सेकंदांत त्या तारेवरचा दाब २५० व्होल्टपर्यंत उतरवायचा. प्रवाह किती, तर अर्धा अँपिअर! त्यासाठी न्यूट्रल थेट अर्थ न करता मध्ये कॉइल घालतात. मूळ कल्पना जर्मनीतल्या पीटरसन यांची, शंभर वर्षांपूर्वीची.

खर्च मोठा आहे, मान्य. फॉल्टच्या वेळी उरलेल्या दोन तारांवरचा दाब वाढतो, त्यामुळे जुने इन्सुलेटरही बदलावे लागतात. पण ग्रामपंचायतीच्या फळ्यावर "पडलेली तार चालूच असते, वायरमन येईपर्यंत लांब थांबा" एवढं लिहायला खडूच लागतो. भाच्याला मी सांगितलंय, पुढच्या वेळी आपल्या रानातल्या मुरमाचा रोध मोजून आण आणि तोच आकडा घाल.