विश्वास की नाइलाज?

एकेकाळी जगभर संशयाचा विषय झालेली मायक्रोसॉफ्ट कंपनी आता सुधारली आहे, वापरकर्त्यांचा गमावलेला विश्वास तिने परत मिळवला आहे, असा डांगोरा भांडवलदारी वृत्तपत्रांनी गेली अनेक वर्षे पिटला आहे. २०१४ च्या फेब्रुवारीत हैदराबादेत जन्मलेले सत्या नाडेला कंपनीच्या प्रमुखपदी आले आणि या भाटगिरीला भारतात विशेष बहर आला. जणू मक्तेदारीचा स्वभाव तिच्या प्रमुखाच्या जन्मगावावरून ठरतो!

मुळात हा अविश्वास आकाशातून पडला नव्हता. नवा संगणक घेतला की त्याबरोबर विंडोज घ्यावीच लागते, या परिस्थितीचा लाभ उठवून कंपनीने आपला ब्राउझर विंडोजशी जखडला आणि नेटस्केप या प्रतिस्पर्ध्याचा बाजार उठवला. १९९८ मध्ये अमेरिकन सरकारने तिच्यावर खटला भरला. २००० च्या जूनमध्ये न्यायाधीश जॅक्सन यांनी कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश दिला. पुढच्या वर्षी अपील न्यायालयाने मक्तेदारी टिकविण्यासाठी बेकायदा मार्ग अवलंबिल्याचा ठपका कायम ठेवला, पण तुकड्यांचा आदेश रद्द केला. तोवर वॉशिंग्टनमध्ये बुश सरकार आले होते. त्याने नोव्हेंबरात तडजोड करून प्रकरण मिटविले. युरोपीय आयोगाने मात्र २००४ मध्ये ४९ कोटी ७० लाख युरोंचा दंड ठोठावला, आणि तो आदेश धाब्यावर बसविल्याबद्दल २००८ मध्ये आणखी ८९ कोटी ९० लाखांचा. त्यातील थोडी रक्कम पुढे न्यायालयाने कमी केली.

मग ‘सुधारणा’ झाली ती कशी? २००१ मध्ये तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांनी लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली होती. २०१४ मध्ये तीच कंपनी लिनक्सवर आपले प्रेम असल्याचे जाहीर करू लागली. मधल्या काळात मोबाइलचा बाजार तिच्या हातून निसटला होता, आणि नफ्याचे नवे क्षेत्र उघडले होते ते दूरस्थ संगणकांची क्षमता भाड्याने देण्याचे. त्या संगणकांवर ग्राहकांना लिनक्सच हवे होते. ज्या शत्रूच्या नावावर भाडे मिळते, तो शत्रू राहात नाही. हे हृदयपरिवर्तन नव्हे, हा हिशेब आहे. २०१८ मध्ये कंपनीने साडेसात अब्ज डॉलरना गिटहब विकत घेतले, जिथे जगभरच्या प्रोग्रामरांनी आपले काम खुलेपणाने ठेवले होते. २०२१ मध्ये याच सार्वजनिक कामावर घडविलेले ‘कोपायलट’ आले, आणि पुढच्या वर्षापासून ते पैसे घेऊन विकले जाऊ लागले. काही प्रोग्रामरांना त्याविरुद्ध न्यायालयात जावे लागले.

प्रोग्रामरांना उपयोगी पडणारी काही साधने कंपनीने खरोखरच खुली केली, आणि अनेकजण ती आनंदाने वापरतात, हे नाकारण्याचे कारण नाही. पण जिथे पर्याय आहे तिथेच कंपनी आर्जवी होते. जिथे पर्याय नाही तिथे ती काय करते?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिने विंडोज १० चा आधार काढून घेतला. विंडोज ११ साठी नवीन प्रोसेसर व सुरक्षा-चिप लागते. म्हणजे चालू स्थितीतील असंख्य संगणक केवळ कंपनीच्या फर्मानाने जुने ठरले. घरगुती वापरकर्त्यांना एक वर्षाची मुदतवाढ मिळाली, पण तीस डॉलर भरा, किंवा संगणकावरील मांडणी व माहिती कंपनीच्या साठ्यात ठेवा, किंवा तिच्या बक्षीस-योजनेतील गुण खर्च करा, अशा अटींवर. युरोपात ग्राहक-संघटनांनी कायद्याचा बडगा दाखविताच तीच मुदतवाढ तेथील नागरिकांना या अटींशिवाय विनामूल्य मिळाली. भारतातील शिक्षकाला वा कारकुनाला ती सवलत नाही. ज्यांच्याजवळ कायद्याचे बळ आहे, त्यांच्याशीच कंपनी ‘विश्वासाने’ वागते.

याहून गंभीर प्रकार जुलै २०२५ मध्ये गुजरातेतील वाडीनारच्या तेलशुद्धीकरण कारखान्याबाबत घडला. तो चालविणाऱ्या नायरा एनर्जीत रशियाच्या रॉस्नेफ्टचा जवळपास निम्मा हिस्सा आहे. युरोपीय संघाने निर्बंध लादताच मायक्रोसॉफ्टने नायराच्या सेवा बंद केल्या. परवान्यांचे पैसे पूर्ण भरलेले असूनही आपलीच माहिती आपल्याला मिळेनाशी झाली, अशी नायराची तक्रार होती. दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतल्यावर काही दिवसांतच सेवा पूर्ववत झाल्या. नायरा ही काही श्रमिकांची संस्था नव्हे, तिच्यासाठी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. पण भारतात जे निर्बंध लागूच नाहीत, ते भारतातील कारखान्यावर परदेशी कंपनीने एका कळीने बजावले, ही गोष्ट लहान आहे काय? उद्या तीच कळ एखाद्या वीजमंडळावर, रुग्णालयावर वा बँकेवर दाबली गेली तर?

याच्या उलट एक उदाहरण आहे. पॅलेस्टिनी जनतेच्या दूरध्वनी-संभाषणांचा प्रचंड साठा इस्रायली लष्कराच्या गुप्तचर शाखेने मायक्रोसॉफ्टच्या यंत्रणेत केल्याचे ऑगस्ट २०२५ मध्ये उघडकीला आले. कंपनीतील कर्मचारी त्याआधीपासूनच इस्रायलशी असलेल्या करारांविरुद्ध निदर्शने करीत होते. काहींना कामावरून काढण्यात आले. सप्टेंबरमध्ये कंपनीला त्या शाखेच्या काही सेवा बंद कराव्या लागल्या. यालाही कोणी विश्वासाचा विजय म्हणेल; प्रत्यक्षात तो नोकरी पणाला लावणाऱ्या माणसांचा व बातमी उघड करणाऱ्यांचा रेटा होता.

तेव्हा कंपनी विश्वासार्ह झाली की नाही, हा प्रश्नच फसवा आहे. किल्ली कोणाच्या हाती, हा खरा प्रश्न. केरळातील शाळांमध्ये संगणक-शिक्षण सुरू झाले तेव्हा शिक्षक व मुक्त सॉफ्टवेअरचे कार्यकर्ते यांनी तो वेळीच विचारला, आणि काही वर्षांत तेथील सरकारी माध्यमिक शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर आल्या. त्या मुलांचे काहीही अडले नाही. केंद्र सरकारनेही २०१० मध्ये खुल्या मानकांचे आणि २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले. पण दुसऱ्या धोरणातच कारण दाखवून सूट घेण्याची पळवाट ठेवली. ती सूट कोणत्या खात्याने किती वेळा घेतली, त्यापोटी परवान्यांवर किती परकीय चलन खर्च झाले, आणि वाडीनारनंतर एकाही खात्याने आपल्या करारांची फेरतपासणी केली काय, याचा जाब संसदेत विचारला गेला पाहिजे.