भिलाई : दाद मागण्याचा हक्क आहे, निर्णयाचा नाही

छत्तीसगढच्या राजकारणात दुर्ग-भिलाई पट्ट्याचे वजन मोठे आहे. चंदुलाल चंद्राकर आणि मोतीलाल व्होरा यांच्यापासून २०१८ ते २०२३ या काळात मुख्यमंत्री असलेल्या भूपेश बघेल यांच्यापर्यंत अनेक नेते याच भागातून पुढे आले. दिल्ली आणि रायपूर या दोन्ही दरबारांत ज्या भागाचा शब्द चालला, त्याच भागातल्या मध्यमवर्गीय आणि कामगार कुटुंबांचा आजचा संताप मात्र दोन कागदांभोवती फिरतो. एक रुग्णालयाचे बिल आणि दुसरी शाळेची फीपावती. हा संताप ग्राहक आयोगात, उच्च न्यायालयात आणि जिल्हाधिकारी कार्यालयात पोहोचतो. परंतु रुग्णालय कसे चालवायचे आणि शाळा ठेवायची की बंद करायची, हे जिथे ठरते तिथे तो पोहोचत नाही. भिलाईच्या प्रश्नाचे मूळ नेमके येथे आहे.

भिलाईचा पोलाद प्रकल्प १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभा राहिला. त्यावेळी हा भाग ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती. राज्य पुनर्रचनेनंतर, म्हणजे १९५६ च्या नोव्हेंबरपासून, ती भोपाळला गेली. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. हावडा-नागपूर-मुंबई रेल्वेमार्गावरील या गावात विदर्भातली कुटुंबे नोकरीसाठी आली आणि तिथलीच झाली. या साऱ्यांना मिळणारा मोबदला केवळ पगाराचा नव्हता. कंपनीचे क्वार्टर, कंपनीची शाळा आणि सेक्टर नऊमधील कंपनीचे रुग्णालय, असा तो चौपदरी करार होता. तो कुठे एका कागदावर लिहिलेला नव्हता, पण दोन पिढ्यांनी आपल्या संसाराचा हिशेब त्याच आधारावर मांडला.

हा करार गेल्या तीन दशकांत हळूहळू विरळ होत गेला. नियमित कर्मचाऱ्यांची संख्या घटत गेली, कंत्राटी कामगारांचा वाटा वाढत गेला. कंपनीच्या अनेक शाळा विद्यार्थी कमी झाल्याचे कारण देऊन बंद झाल्या किंवा एकमेकींत विलीन झाल्या. रुग्णालय सुरू आहे. पण ते पुढे कोणाच्या हाती राहणार, ही शंका गावात वारंवार उठते. सेक्टर नऊचे महत्त्व केवळ भावनिक नाही. जून २०१४ मधील वायुगळतीत सहा जणांचा बळी गेला, ऑक्टोबर २०१८ मध्ये कोक ओव्हनच्या वायुवाहिनीवरील दुर्घटनेत डझनाहून अधिक कर्मचारी दगावले. अशा गावात भाजलेल्यांवर उपचार करणारा विभाग हाताशी असणे ही चैन नव्हे, ती कारखान्याचीच गरज आहे.

आज एकाच कारखान्याच्या फाटकातून आत जाणाऱ्या माणसांच्या आजारपणाचे तीन वेगळे हिशेब आहेत. नियमित कर्मचारी कंपनीच्या रुग्णालयात जातो. निवृत्त कर्मचारी मेडिक्लेमच्या हप्त्याची चिंता करतो. कंत्राटी कामगार राज्य विमा योजनेकडे, म्हणजे ईएसआयकडे पाहतो. या योजनेची वेतनमर्यादा जानेवारी २०१७ मध्ये एकवीस हजार रुपये झाली. पगार तिच्या वर गेला की कामगार योजनेबाहेर पडतो आणि थेट खासगी रुग्णालयाच्या दारात उभा राहतो.

सरकारी विम्याने ही फट काही अंशी बुजवली, हे मान्य केले पाहिजे. आयुष्मान भारत योजना २०१८ मध्ये आली. छत्तीसगढने २०२० मध्ये प्राधान्य शिधापत्रिकेच्या कुटुंबांना वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत, तर इतर शिधापत्रिकाधारकांना पन्नास हजारांपर्यंत संरक्षण देणारी रचना केली. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना, उत्पन्न न पाहता, केंद्राने पाच लाखांचे कवच दिले. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्यखर्चात रुग्णाच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. परंतु पैसा कोण भरतो हे बदलल्याने उपचार कसे होतात यावर आपोआप देखरेख येत नाही. २०१२ मध्ये याच राज्यात विम्याच्या पैशासाठी गरज नसताना स्त्रियांची गर्भाशये काढल्याचे प्रकरण गाजले. पैसे सरकारचे, शरीर गरीब बाईचे आणि विचारणारा कोणीच नाही, अशी ती अवस्था होती.

साहजिकच लोक न्यायालयाकडे वळतात, आणि न्यायालयांनी त्यांना रिकाम्या हाती पाठवलेले नाही. नोव्हेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. त्या निकालातला एक भाग भिलाईसारख्या गावांना विशेष लागू पडतो. नोकरीच्या अटींचा भाग म्हणून मालक कर्मचाऱ्याच्या उपचारांचा खर्च उचलत असेल, तर ती सेवा ‘मोफत’ ठरत नाही, असे न्यायालयाने सांगितले. पुढे मध्य रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात हेच तत्त्व रेल्वे रुग्णालयाला लागू झाले आणि २००७ मध्ये ईएसआयचा विमाधारकही ग्राहक ठरला. कंपनीचा दवाखाना हा उपकार नसून कमाईचा भाग आहे, या कामगारांच्या जुन्या भावनेला अशा रीतीने कायद्याची भाषा मिळाली. डॉक्टरांच्या बाजूचा विचारही झाला. ऑगस्ट २००५ मधील निकालाने फौजदारी खटल्यासाठी निष्काळजीपणा ढोबळ आणि गंभीर असला पाहिजे, असा दंडक घातला.

तथापि, न्यायालय झालेल्या हानीचे मोल ठरवते. ते एखाद्या कुटुंबाला भरपाई देऊ शकते, पण वॉर्डातली रिकामी डॉक्टरची जागा त्या भरपाईने भरत नाही. शिवाय वर्षानुवर्षे तारखा सोसण्याची ताकद कंत्राटी कामगाराच्या विधवेपाशी असेलच असे नाही. खटल्यांची संख्या वाढणे हे जागृतीचे लक्षण आहे खरे, पण आधी विचारण्याची सोय नसल्याचेही ते लक्षण आहे.

शाळांचे चित्र याहून फारसे वेगळे नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. खासगी विनाअनुदानित शाळांना मात्र हे कलम लागू नाही. कंपनीची शाळा बंद झाली की पालक नेमके याच शाळांकडे वळतात. तेथील फीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००२ आणि २००५ च्या निकालांत संस्थांची स्वायत्तता मान्य केली, नफेखोरीला मात्र नकार दिला. या दोन शब्दांमधली जागा एवढी रुंद आहे की तिच्यात पालकांचा अर्धा पगार सहज मावतो. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, बिलासपूरच्या उच्च न्यायालयाने खासगी शाळांना शिक्षणशुल्क घेण्याची मुभा दिली. तेव्हा इतर शुल्केही त्यातच मिसळल्याच्या तक्रारी पालक संघटनांनी केल्या. त्याच वर्षी राज्याने फी विनियमनाचा कायदा केला आणि शाळा, जिल्हा व राज्य अशा तीन पातळ्यांवर समित्या आणल्या. महाराष्ट्राच्या २०११ च्या कायद्यात पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची मान्यता हा फीनिश्चितीचा पाया आहे. अशा समित्या कागदावरच राहतात, हा अनुभव मात्र दोन्ही राज्यांत येतो.

मग भिलाईच्या नागरिकाने विचारायचे कोणाला? सेल केंद्र सरकारचा उपक्रम आहे आणि कामगारांच्या सुविधांचा सौदा दिल्लीच्या बैठकांत होतो. आरोग्य आणि शालेय शिक्षण राज्याकडे आहे. महापालिका निवडून येते. परंतु टाउनशिपमधील जमीन, क्वार्टर, रुग्णालय आणि शाळा कंपनीच्या मालकीच्या आहेत. राज्यघटनेच्या कलम २४३-क्यू मधील परंतुकाने कंपनीच सेवा देत असलेल्या भागाला औद्योगिक नगरी ठरवून नगरपालिकेतून वगळण्याची मुभा दिली आहे. जमशेदपुराबाबत हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. भिलाईला महापालिका मिळाली, म्हणजे मतदानाचा हक्क मिळाला; पण ज्या दोन संस्थांवर गावाचे जगणे अवलंबून आहे, त्यांच्यावर त्या मताचा अंमल नाही. आमदार केंद्राकडे बोट दाखवतो, खासदार व्यवस्थापनाकडे, आणि व्यवस्थापन ताळेबंदाकडे.

व्यवस्थापनाचीही बाजू आहे. पोलाद बनवणे हे त्याचे काम आहे. ज्या खासगी कारखान्यांशी त्याची स्पर्धा आहे, त्यांच्या डोक्यावर अख्ख्या गावाच्या शाळांचा भार नाही. तज्ज्ञ डॉक्टरांना खासगी रुग्णालये जो पगार देतात, तो सरकारी वेतनश्रेणीत बसत नाही. ही अडचण खोटी नव्हे. पण अडचण खरी असेल, तर ती लोकांसमोर आकड्यांसह मांडायला संकोच का वाटावा? रुग्णालयाचा खर्च किती, कोणत्या विभागात किती जागा रिक्त, कोणती शाळा कोणत्या वर्षी बंद होणार आणि तिथली मुले कुठे जाणार, हे निर्णयाआधी सांगितले गेले तर निम्मे वाद तिथेच शमतील.

याचे उदाहरण शोधायला फार लांब जावे लागत नाही. भिलाईला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली राजहरा येथे खाणकामगारांनी शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमातून १९८३ मध्ये शहीद रुग्णालय उभारले. ज्यांनी वर्गणी दिली, त्यांनाच कारभारात बोलता आले. सेक्टर नऊचे मोठे रुग्णालय वर्गणीवर चालणार नाही, हे उघड आहे. पण तिथल्या सल्लागार मंडळावर निवृत्त कर्मचारी, कंत्राटी कामगार आणि महापालिकेचे निर्वाचित सदस्य का नसावेत? उरलेल्या शाळांत कलम २१ च्या धर्तीवरची समिती व्यवस्थापनाने आपणहून का नेमू नये? त्यासाठी नवा कायदा लागत नाही, इच्छा लागते.

पुढच्या निवडणुकीत रुग्णालय वाचवण्याच्या घोषणा पुन्हा ऐकू येतील. मतदाराने त्या वेळी उमेदवाराला एकच प्रश्न विचारावा : कारभाराच्या टेबलाशी रुग्णाला आणि पालकाला खुर्ची कधी मिळणार? उत्तर मिळेपर्यंत भिलाईकरांना आपले म्हणणे वकिलामार्फतच मांडावे लागेल, आणि तेही नुकसान होऊन गेल्यावर.