जुन्या संगणकांचे नवे बिऱ्हाड

आमच्या शाळेतील नऊ संगणक भंगारात काढावेत, असा सल्ला आम्हांस मिळाला. विंडोज १० चे नेहमीचे साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, आणि पुढील आवृत्ती या जुन्या यंत्रांवर रीतसर चालत नाही. नव्या खरेदीस पैसा नव्हता. तेव्हा लिनक्सचे नाव निघाले.

बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये जन्मलेल्या युनिक्सच्या धर्तीवर हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा रचला. ही विद्वानांची वस्तू, मराठीच्या एम. ए. ने तिच्या वाटेस जाऊ नये, असा आमचा समज होता. दहावीतील एका विद्यार्थिनीने तो खोटा ठरविला.

तिने लिनक्स मिंट ही आवृत्ती विनामूल्य उतरवून घेतली. ती फाइल पेनड्राइव्हवर नुसती नकलून भागत नाही. एचरसारख्या साधनाने लिहावी लागते, आणि पेनड्राइव्हवरील पूर्वीचे सारे पुसले जाते. मग संगणक सुरू होताना एफ १२ (काही यंत्रांत एफ २ किंवा एस्केप) दाबून पेनड्राइव्ह निवडावा. येथे मोठी सोय अशी की, संगणकाच्या डिस्कला हात न लावता सारी प्रणाली पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते. घर विकत घेण्यापूर्वी चार दिवस राहून पाहावे, तसे. वायफाय, आवाज, छपाई तेव्हाच तपासावी. पुढे भाषा, कळफलक, कोलकात्याची वेळ, नाव, सांकेतिक शब्द, एवढेच प्रश्न.

मात्र एक प्रश्न साधा नाही. डिस्क संपूर्ण पुसावी, की जुन्या प्रणालीशेजारी जागा द्यावी? कार्यालयातील संगणकावर आम्ही, वाचकहो, मोठ्या आत्मविश्वासाने 'पुसावी' निवडले.

"सर, बॅकअप घेतला होता ना?" तिने विचारले.

आम्ही गप्प राहिलो. दहा वर्षांच्या स्नेहसंमेलनांची छायाचित्रे गेली. निवृत्त शिपाईकाकांच्या निरोपसमारंभाचीही.

उरलेल्या आठ संगणकांवर आधी नकला घेतल्या, मग काम केले. इन्स्क्रिप्ट कळफलक जोडताच मराठी टंकलेखनही सुरू झाले. एक जुना प्रिंटर तेवढा अजून रुसून बसला आहे.

रविवारी शिपाईकाकांच्या घरी क्षमा मागण्यास गेलो. निरोपसमारंभाची एक तसबीर त्यांच्या देवघराशेजारी लावलेली होती. तिचा फोटो घेऊन आम्ही त्याच सायंकाळी दोन ठिकाणी जपून ठेवला.